कॅन्युला कधी बदलावी? संशोधनाचा पुरावा वॉर्डात आणताना

हाताच्या शिरेत बसवलेली कॅन्युला किती दिवस ठेवावी, हा वॉर्डातला रोजचा प्रश्न आहे. बोलीत तिला व्हेनफ्लॉन म्हणा किंवा इंट्राकॅथ, ती बसवणारी, तपासणारी आणि काढणारी बहुधा परिचारिकाच असते. या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ठरलेले होते: ७२ ते ९६ तासांत जुनी काढावी आणि दुसऱ्या जागी नवी घालावी. शीर सुजण्याआधी आणि जंतू रक्तात शिरण्याआधी जागा बदललेली बरी, हा त्यामागचा तर्क. तो पटण्याजोगा होता, आणि म्हणूनच फार काळ कोणी तपासला नाही.

डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची जी मांडणी केली, तीत तीन गोष्टी एकत्र येतात: उपलब्ध असलेला सर्वांत चांगला पुरावा, काम करणाऱ्याचा अनुभव आणि रुग्णाची स्वतःची पसंती. नर्सिंगमध्ये ही मांडणी आता अभ्यासक्रमाचा भाग आहे. मात्र परीक्षेत तिची व्याख्या लिहिणे आणि एखाद्या वॉर्डाची पद्धत तिच्या आधारे बदलणे यांत बरेच अंतर आहे. कॅन्युलाचा प्रश्न ते अंतर चांगले दाखवतो, कारण त्यावर दर्जेदार संशोधन झाले आहे, ते बऱ्याच अंशी परिचारिकांनीच केले आहे, आणि त्याचे उत्तर एकदा ठरल्यावर पुन्हा डळमळले आहे.

सुरुवात प्रश्न नीट मांडण्यापासून होते. 'कॅन्युलामुळे होणारा संसर्ग कसा टाळावा?' हा प्रश्न इतका ऐसपैस आहे की त्यात हात धुण्यापासून ड्रेसिंगपर्यंत सगळेच मावते. शोध घेण्याजोग्या प्रश्नात चार गोष्टी असाव्या लागतात: रुग्ण कोणते, उपाय कोणता, त्याची तुलना कशाशी, आणि कोणता परिणाम मोजायचा. येथे रुग्ण म्हणजे रुग्णालयात दाखल झालेले प्रौढ. उपाय म्हणजे त्रासाची खूण दिसली किंवा गरज संपली की कॅन्युला काढणे. तुलना ठरावीक तासांनी बदलण्याशी. चौथ्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शिरेची सूज म्हणजे फ्लेबायटिस, सलाईन आऊट होऊन हात फुगणे आणि रक्तातला संसर्ग हे तीन वेगळे परिणाम आहेत. पहिले दोन वरचेवर दिसतात, तिसरा क्वचित. पण जिवावर बेततो तो तिसराच. कोणता परिणाम मुख्य धरला, यावर पुढचे सगळे वाचन अवलंबून राहते.

शोध वरून खाली घ्यावा. आधी मार्गदर्शक तत्त्वे, मग पद्धतशीर समीक्षा आणि शेवटी सुटे अभ्यास. कॉक्रेन लायब्ररीतील समीक्षांचे सारांश आणि पबमेडवरील नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. कोणते शब्द घालून, कोणत्या तारखेला, कोठे शोधले आणि किती लेख का वगळले, याची साध्या वहीत नोंद ठेवावी. ही कारकुनी वाटली तरी तिच्यावाचून झालेला शोध म्हणजे हाताशी आलेले चार लेख वाचणे होय. आणि हाताशी येणारे लेख बहुधा आपल्या मताला दुजोरा देणारेच असतात.

या प्रश्नावरचा सर्वांत वजनदार सुटा अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यातल्या तीन रुग्णालयांत क्लेअर रिकार्ड या परिचारिका-संशोधक आणि सहकाऱ्यांनी ३,२८३ रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. गरजेनुसार कॅन्युला बदललेल्या १,५९३ रुग्णांपैकी ११४ जणांना फ्लेबायटिस झाला. दर तिसऱ्या दिवशी बदललेल्या १,६९० रुग्णांपैकीही ११४ जणांनाच. दोन्हीकडे प्रमाण सुमारे ७ टक्के.

असा अभ्यास वाचताना आकड्याआधी पद्धत पाहावी. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे आधी कोणाला कळत होते का? येथे ते संगणकाने मध्यवर्ती ठिकाणी ठरवले होते. तपासणाऱ्याला गट माहीत होता का? होता, बदललेली कॅन्युला लपवता येत नाही. मात्र प्रयोगशाळेतल्या तपासनिसांना गट कळू दिला नव्हता, त्यामुळे जंतूंच्या अहवालात पक्षपाताला वाव राहिला नाही. आणखी एक तपशील पुढे उपयोगी पडणार आहे: संशोधनासाठी नेमलेल्या परिचारिका रोज प्रत्येक रुग्णाकडे जाऊन कॅन्युलाची जागा पाहत होत्या.

एक अभ्यास कितीही चांगला असला तरी त्यावर प्रोटोकॉल बदलू नये. तेथे पुराव्याचे एकत्रीकरण लागते. त्यासाठी तक्ता करणे सर्वांत सोयीचे. प्रत्येक अभ्यासाला एक ओळ द्यावी. रकान्यांत देश व रुग्णालय, रुग्णांची संख्या, कॅन्युला किती काळ राहिली, फ्लेबायटिसची व्याख्या, किती वेळा तपासणी झाली, निष्कर्ष आणि अभ्यासातील उणिवा लिहाव्यात. व्याख्येचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण बऱ्याच गाठी तिथेच सुटतात. एका अभ्यासात नुसती लाली म्हणजे फ्लेबायटिस आणि दुसऱ्यात लाली, वेदना व सूज असे दोन-तीन मिळून फ्लेबायटिस, असे असेल तर दोघांचे टक्के शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही.

तक्ता भरला की मतमोजणीचा मोह होतो. 'सहा अभ्यास बाजूने, दोन विरुद्ध, म्हणून बाजूने' असे लिहिलेले प्रबंध कमी नाहीत. हा हिशेब चुकीचा आहे, कारण त्यात चाळीस रुग्णांचा आणि तीन हजार रुग्णांचा अभ्यास सारख्याच वजनाचा ठरतो. शिवाय 'फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही हे दिसून आले' ही दोन वेगळी विधाने आहेत. लहान अभ्यासाला पहिले म्हणता येते, दुसरे नाही. मेटा-ॲनालिसिसमध्ये प्रत्येक अभ्यासाला त्याच्या अचूकतेनुसार वजन मिळते. त्याच्या फॉरेस्ट प्लॉट या आकृतीत प्रत्येक अभ्यासाची एक आडवी रेघ असते. रेघ लांब तितकी अनिश्चितता जास्त. रेघा एकमेकींवर येत असतील तर अभ्यास एकाच दिशेने बोलत आहेत. विखुरलेल्या असतील तर आधी त्याचे कारण शोधावे, सरासरी नंतर काढावी.

कॅन्युलावरची कॉक्रेन समीक्षा जोन वेब्स्टर आणि सहकाऱ्यांची. २०१९ च्या आवृत्तीत नऊ अभ्यास आणि ७,४१२ रुग्ण आहेत. फ्लेबायटिसच्या बाबतीत दोन पद्धतींत स्पष्ट फरक नाही, आणि या निष्कर्षाची खात्री मध्यम. सलाईन आऊट होण्याचे प्रमाण गरजेनुसार बदलण्याच्या गटात थोडे जास्त दिसले. खर्च मात्र त्याच गटात कमी. रक्तातल्या संसर्गाबाबतचा पुरावा कमी खात्रीचा ठरवला गेला.

ही 'खात्री' ग्रेड पद्धतीतून येते. तिच्या चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी आणि अत्यंत कमी. यादृच्छिक चाचण्या वरच्या पायरीवरून सुरुवात करतात आणि पाच कारणांनी खाली उतरतात: अभ्यासातला पक्षपात, निष्कर्षांतली विसंगती, आपल्या प्रश्नाशी थेट संबंध नसणे, अचूकतेचा अभाव आणि नकारात्मक निष्कर्ष छापलेच न जाणे. समीक्षा वाचताना शेवटचे वाक्य वाचून थांबण्याची सवय असते. खरे तर प्रत्येक परिणामापुढे कोणती पायरी लिहिली आहे, ते आधी पाहावे. कॅन्युलाच्या समीक्षेत 'फरक नाही' हे वाक्य फ्लेबायटिसपुढे मध्यम खात्रीने उभे होते आणि सर्वांत घातक परिणामापुढे जवळजवळ रिकामी जागा होती. ती अनेकांच्या नजरेतून निसटली.

जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयांत २०१८ साली ९६ तासांचा नियम काढून गरजेनुसार कॅन्युला बदलण्याची पद्धत आली. पुरावा त्या वेळी त्याच दिशेचा होता. तेथे रक्तातल्या संसर्गावर कायम देखरेख असते, म्हणून पुढचे लक्षात आले. जुन्या पद्धतीच्या काळात २,४१,४३२ कॅन्युलांमागे कॅन्युलाजन्य रक्तसंसर्गाच्या ११ घटना होत्या. नव्या पद्धतीच्या काळात १,३०,७७९ कॅन्युलांमागे ४६. कालावधी आणि इतर घटकांचा हिशेब धरून धोका सुमारे सातपट झाला होता. २०१९ मध्ये रुग्णालयाने जुना नियम परत आणला आणि संसर्ग पुन्हा खाली आला. हा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

मग ऑस्ट्रेलियाचा अभ्यास चुकला होता का? नाही. जिनिव्हात आधीचे प्रमाण सुमारे बावीस हजार कॅन्युलांमागे एक असे होते, नंतरचे सुमारे अठ्ठावीसशेंमागे एक. साडेतीन हजारांपेक्षा कमी रुग्णांच्या चाचणीत दोन्ही प्रमाणांना एखादी घटना दिसेल किंवा एकही दिसणार नाही. त्या चाचणीत खरोखरच कॅन्युलाशी जोडलेली रक्तसंसर्गाची एकच घटना नोंदली गेली. इतक्या विरळ घटनेबाबत चाचणीचे मौन म्हणजे सुरक्षिततेचे प्रशस्तिपत्र नव्हे. चाचणी त्यासाठी पुरेशी मोठी नव्हती, इतकेच.

जिनिव्हाच्या अभ्यासालाही मर्यादा आहेत. तो आधी-नंतरची तुलना करणारा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. यादृच्छिक विभागणी नसल्याने त्या काळात आणखी काही बदलले असल्यास त्याचा परिणामही आकड्यांत मिसळतो. असे अभ्यास ग्रेडमध्ये खालच्या पायरीवर सुरू होतात. पण नियम काढल्यावर धोका वाढला आणि परत आणल्यावर उतरला, ही गोष्ट योगायोगाच्या शक्यतेला बरीच कमी करते. पुराव्याचे एकत्रीकरण करणाऱ्याने येथे बाजू घेण्याची घाई करू नये. चाचण्यांनी फ्लेबायटिसचे उत्तर दिले, देखरेखीने संसर्गाचे. दोन्ही तक्त्यात राहावेत, आणि त्यांच्यात नेमका फरक कशाचा, हे शोधावे.

तो फरक बहुधा तपासणीत आहे. चाचणीत रोज कोणीतरी त्याच कामासाठी येऊन जागा पाहत होते. प्रत्यक्ष वॉर्डात 'गरजेनुसार' या शब्दाचा अर्थ कित्येकदा 'कोणाच्या लक्षात आले तर' असा होतो. निष्कर्ष उचलायचा असेल तर तो ज्या अटींवर उभा आहे त्याही सोबत उचलाव्या लागतात. नर्सिंगमधला पुरावा वापरताना बहुतेक फसगत या एकाच ठिकाणी होते.

ही अट वॉर्डात कशी दिसते? ब्रिटनमध्ये अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेली, फ्लेबायटिस मोजण्याची व्हीआयपी गुणपट्टी शून्य ते पाच अशी आहे. शून्य म्हणजे जागा निरोगी. एक म्हणजे किंचित वेदना किंवा किंचित लाली. अशा वेळी लक्ष ठेवावे. वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन असतील तर गुण दोन, आणि कॅन्युला काढून दुसरीकडे घालावी. कॅन्युलाच्या वाटेने वेदना, लाली आणि कडकपणा अशी तिन्ही लक्षणे दिसली तर तीन. शीर दोरीसारखी हाताला लागू लागली की चार, आणि त्यात ताप आला की पाच. पट्टी सोपी आहे, पण ती वापरण्यासाठी जागा दिसावी लागते. अनेक वॉर्डांत कॅन्युलावर अपारदर्शक चिकटपट्टीचे तीन-चार थर असतात. त्यामुळे लाली दिसत नाही आणि बोटाने दाबून पाहताना रुग्ण 'दुखतंय' म्हणाला तरी ते पट्टीमुळे की शिरेमुळे, कळत नाही. पारदर्शक ड्रेसिंग परवडत नसेल तर निदान सुई आत जाते ती जागा उघडी राहील अशी पट्टी लावण्याची पद्धत आधी बसवावी लागते. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे सगळा वॉर्ड असेल तर प्रत्येक पाळीत गुण नोंदणे जमेल का, हा प्रश्नही पुराव्याइतकाच महत्त्वाचा आहे. जमणार नसेल, तर ठरावीक तासांनी बदलण्याचा नियम त्या वॉर्डासाठी अधिक सुरक्षित ठरू शकतो. असा निर्णय मागासलेला नाही. पुरावा नीट वाचल्यावरच तो घेता येतो.

वादातल्या दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या काही गोष्टी मात्र लगेच करता येतात. औषध बंद, सलाईन बंद, तरी 'असू दे, लागेल' म्हणून ठेवलेली कॅन्युला काढावी. घाईगर्दीत, निर्जंतुक पद्धत न पाळता घातलेली कॅन्युला शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी. अमेरिकेच्या सीडीसीच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही सूचना आहे.

ठिकाण बदलले की निष्कर्ष कसा बदलतो, याचे दुसरे उदाहरण नवजात बाळाच्या नाळेचे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातील चाचणीत नाळेला क्लोरहेक्झिडीन लावल्याने नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी कमी झाले. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. २०१६ मध्ये झांबिया आणि टांझानियातील पेम्बा बेटावरच्या मोठ्या चाचण्यांत मृत्यूदरात तसा स्पष्ट फायदा दिसला नाही. घरच्या बाळंतपणांचे प्रमाण, आधीचा मृत्यूदर आणि नाळेला काय लावण्याची रीत आहे, या बाबतीत ही ठिकाणे वेगळी होती. जागतिक आरोग्य संघटना आता नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवायला सांगते. शेण वगैरे घातक पदार्थ लावण्याची रीत जेथे रूढ आहे, तेथेच क्लोरहेक्झिडीनचा विचार करावा असे तिचे म्हणणे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने नेपाळचा लेख वाचून थेट बाटली मागवण्याआधी आपल्या गावांत नाळेला काय लावतात, हे विचारणे हाच पुराव्याचा पुढचा टप्पा आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत केलेल्या घरगुती नवजात काळजीच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या यशात प्रशिक्षित आरोग्यदूत जितके महत्त्वाचे, तितकीच त्यांच्या कामावरची नियमित देखरेखही. पुढे हीच काळजी आशांच्या गृहभेटींतून देशभर गेली. भेटींची संख्या शासन आदेशाने ठरते. देखरेख प्रत्येक ठिकाणी नव्याने उभी करावी लागते.

पुरावा पक्का झाला की बदल एका वॉर्डात करून पाहावा, सगळ्या रुग्णालयात एकदम नाही. अमेरिकेतील आयोवाच्या परिचारिकांनी विकसित केलेल्या प्रारूपातही छोटी चाचणी, मूल्यमापन आणि मग विस्तार असाच क्रम आहे. वॉर्ड इनचार्ज, मेट्रन, संसर्ग नियंत्रण परिचारिका आणि एखादा डॉक्टर असा गट पुरतो. रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदरपैकी एक जण त्यात असलाच पाहिजे, कारण प्रोटोकॉल मोडतो तो रात्री. बदलाआधी किमान एक-दोन महिने आहे त्या पद्धतीचे मोजमाप करावे. नाहीतर नंतरच्या आकड्यांना तुलनेला काही उरत नाही.

मोजमापात छेद महत्त्वाचा. 'या महिन्यात नऊ जणांना फ्लेबायटिस झाला' या वाक्याला अर्थ नाही. रोज ठरलेल्या वेळी कॅन्युला असलेले रुग्ण मोजून महिन्याची बेरीज केली की कॅन्युला-दिवस मिळतात. समजा रोज सरासरी १५ रुग्ण, तर ३० दिवसांत ४५० कॅन्युला-दिवस. नऊ घटना म्हणजे हजार कॅन्युला-दिवसांमागे २०. पुढच्या महिन्यात रुग्ण वाढले किंवा घटले तरी हा दर तुलनेला चालतो. रक्तातला संसर्ग मात्र एका वॉर्डाच्या आकड्यांत दिसण्याची वाट पाहू नये. तो इतका विरळ आहे की दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. त्याऐवजी किती पाळ्यांत व्हीआयपी गुण नोंदला गेला आणि किती कॅन्युला गरज संपूनही हातात राहिल्या, हे दोन आकडे धरावेत. नोंदीचे प्रमाण घसरू लागले की ठरावीक तासांच्या नियमाकडे परतायचे, ही पातळी बदल सुरू करण्याआधीच ठरवून ठेवावी.

रुग्णाचा वाटा फॉर्मपुरता राहतो, हेही लक्षात घ्यावे. पुन्हा टोचून घेण्याचा त्रास काही जणांना इतका असतो की थोडी वेदना ते लपवतात. ड्युटी बदलून ओव्हर देताना रुग्णाच्या खाटेपाशीच 'इथे दुखतंय का?' असे विचारण्याची पद्धत असेल तर एकाच वेळी तपासणीही होते आणि रुग्णालाही कळते की हे सांगायचे असते.

स्वतःच्या वॉर्डापुरते मोजमाप ही गुणवत्ता-सुधारणा आहे. ते नियतकालिकात छापायचे किंवा प्रबंधासाठी वापरायचे असल्यास काम सुरू करण्याआधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीपुढे जावे. निकाल हाती आल्यावर परवानगी मागता येत नाही.

कॉक्रेनची कॅन्युलावरील समीक्षा २०१०, २०१३, २०१५ आणि २०१९ अशी वेळोवेळी नवी होत गेली, आणि जिनिव्हाचा अभ्यास त्यानंतर आला. २०१९ च्या समीक्षेवर बेतलेल्या प्रोटोकॉलमध्ये तो आपोआप येत नाही. कोणीतरी बसून तो वाचून, तक्त्यात घालावा लागतो. म्हणून प्रत्येक प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी असाव्यात: पुराव्याचा शोध शेवटचा कोणत्या तारखेला घेतला, आणि पुढचा शोध कोणी, कधी घ्यायचा.